‘व्हर्न’ शब्दाचे दोन रकाने

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत कोणी ‘तू काय करतेस?’ असं विचारलं, की मी आधी रांग किती उरली आहे ते बघते. थोडी उरली असेल तर ‘पब्लिशिंगमध्ये आहे’ एवढं सांगून सुटता येतं. बरीच असेल तर खरं सांगावं लागतं. मी शब्दकोशात काम करते.

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमधली बहुतेक मराठी माणसं गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये नाहीतर युनिव्हर्सिटीत आहेत. त्यामुळे माझं उत्तर ऐकून लोक आधी हातातल्या ताटाकडे बघतात. पुण्याहून मुलाकडे आलेल्या एका काकांनी मला फार गंभीरपणे विचारलं होतं, “पण तो पूर्ण झालेला नाही का अजून?” मी म्हटलं, “नाही काका.” ते म्हणाले, “मग तुझी नोकरी पक्की.” माझ्या कामाबद्दल इतका दिलासा देणारं वाक्य त्यानंतर कोणी बोललेलं नाही.

आमचा कोश जगभरच्या इंग्रजीचा आहे आणि जर्मन वाचकांसाठी आहे. म्हणजे लंडनचं इंग्रजी नव्हे, तर लागोस, सिंगापूर, जमैका आणि पुणे इथे रोज बोललं जाणारं. ज्यांना भारतातून मेल येतात, ज्यांना केनियातल्या कादंबऱ्या भाषांतरित करायच्या असतात, असे लोक तो वापरतात. माझ्याकडे भारत आहे. माझी बाल्कनी दिसणार नाही इतक्या लांबून मी दिवसभर भारताकडे बघत बसते, असं माझा भाऊ म्हणतो. त्याला काय म्हणायचं असतं ते मला कधीच नीट कळलेलं नाही, पण वाक्य मला आवडतं.

लोक आम्हाला फोनही करतात. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यातून एक गृहस्थ काळजीने बोलत होते. त्यांच्या पुण्यातल्या सहकाऱ्याचं उत्तर आलं होतं, तो सोमवारपर्यंत ‘आउट ऑफ स्टेशन’ आहे. “आल्झो, म्हणजे आता बाहेर आहे हे समजलं,” ते म्हणाले, “पण मुळात तो स्टेशनात का राहत होता?” मी त्यांना सांगितलं की साहेबाच्या काळात अधिकाऱ्याची जिथे नेमणूक असे त्या गावाला स्टेशन म्हणत. गाव सोडायचं तर परवानगी घ्यावी लागे. साहेब गेले, परवानगी गेली, शब्द राहिला. ते ‘गेनाऊ, गेनाऊ’, म्हणजे ‘बरोबर, बरोबर’, म्हणत राहिले. आठवड्याने त्यांची मेल आली की ते सुट्टीवर चालले आहेत आणि आता तेही आउट ऑफ स्टेशन असतील. असा माणूस वर्षातून एखादा भेटला तरी मला पुरतो.

कोशाचं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते. बाहेरच्यांना वाटतं की आम्ही शब्दांचे अर्थ ठरवतो. आम्ही काहीच ठरवत नाही. लोकांनी शब्द कुठे, कधी, कशासाठी वापरला त्याचे पुरावे गोळा करतो, तारखेप्रमाणे लावतो आणि मग त्यातून अर्थ दिसतात का ते बघतो. पुराव्याला जर्मनमध्ये बेलेग म्हणतात. आमच्या विभागप्रमुख फ्राउ हाइनेके यांचा हा आवडता शब्द. तुम्ही त्यांच्या खोलीत कितीही उत्साहाने जा, त्या चष्म्याच्या वरून बघून एवढंच विचारतात, “बेलेग?” पुरावा नसेल तर आपण मुकाट्याने दार लावून बाहेर यायचं.

अर्थापुढे छोटी लेबलं असतात. जुना, बोलीतला, अवमानकारक, थट्टेने. हे लेबल लावणं सगळ्यांत जोखमीचं. चुकलं तर भर मीटिंगमध्ये एखादा जर्मन माणूस कोश वाचून शिकलेला शब्द हसत हसत कोणाच्या तरी तोंडावर फेकतो.

अक्षरांच्या क्रमाने काम करण्यात आणखी एक गोष्ट असते. पुढे कुठला शब्द येणार ते आधीच माहीत असतं. ‘टी’ संपत आला तेव्हापासून मला ‘व्ही’ दिसत होता, आणि ‘व्ही’मध्ये ‘व्हर्न’ होता.

पुण्यामुंबईच्या कॉलेजात शिकलेल्या माझ्या वयाच्या कोणालाही हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. बाकीच्यांसाठी सांगते. ‘व्हर्नाक्युलर’ म्हणजे देशी भाषा. ‘व्हर्नाक्युलर मीडियम’ म्हणजे मराठी, गुजराती अशा माध्यमांची शाळा. कॉलेजातल्या इंग्रजी माध्यमवाल्यांनी त्याचा तुकडा तोडून ‘व्हर्नॅक’ केला, आम्ही तो आणखी तोडून ‘व्हर्न’ केला, आणि तो शाळेला न लावता माणसाला लावला. पुढे त्याचा भाषेशीही संबंध उरला नाही. केसांना तेल लावणं व्हर्न होतं. डब्यात शेंगदाण्याची चटणी आणणं व्हर्न होतं. पायातल्या चपला, वहीचं खाकी कव्हर, आईने शिवलेला कुर्ता, काहीही व्हर्न असू शकायचं. मी इंग्रजी माध्यमाची असूनही माझ्या डब्यात ती चटणी असायची. मी ती पोळीच्या आत गुंडाळून खायचे.

शब्दाचं मूळ मी कोशाच्या कामातच शिकले. लॅटिनमध्ये मालकाच्या घरात जन्मलेल्या गुलामाला जो शब्द होता, त्यातून हा आला. घरचा, म्हणून देशी. देशी, म्हणून साहेबाच्या भाषेहून वेगळा. आणि मग कॉलेजच्या कँटीनमध्ये फिरून पुन्हा खालच्या पायरीवर. दोन हजार वर्षांचा प्रवास करून शब्द जिथून निघाला जवळजवळ तिथेच पोचला होता. हे कळलं तेव्हा मी खुर्चीत मागे टेकून बसले. या कामात असं सुख अधूनमधून मिळतं. नाकारण्यात अर्थ नाही.

अर्थ लिहिले, तारखा लावल्या, आणि माणसासाठीच्या अर्थापुढे मी लेबल लावलं: ‘थट्टेने, सलगीने, क्वचित अवमानकारक’. फ्राउ हाइनेकेंनी ‘सलगीने’वर पेन्सिल टेकवली.

“बेलेग?”

“मला माहीत आहे,” मी म्हटलं. “आम्ही असंच वापरायचो.”

“तुम्हाला माहीत असणं हा बेलेग नाही,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही म्हणजे कोण? म्हणणारे की म्हणवून घेणारे?”

मी दार लावून बाहेर आले.

खरं म्हणजे माझ्याकडे पुरावा होता. सलगीचा, तारखेसकट, शाईने लिहिलेला. तो वैशाली ढमालेच्या स्लॅमबुकात होता आणि माझ्या अक्षरात होता.

वैशाली अकरावी-बारावीला फिजिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये माझी पार्टनर होती. हडपसरच्या मराठी शाळेतून आलेली. लंबक मोजायचा असो की भिंग, तिचा हात कधी हलायचा नाही. माझ्या जर्नलमधल्या सगळ्या आकृत्या तिने काढल्या आहेत, कारण माझी रेघ सरळ येत नाही. बदल्यात मी तिच्याकडून तोंडी परीक्षेची इंग्रजी उत्तरं म्हणून घ्यायचे. परीक्षक काय विचारतील ते मी विचारायचे, ती उत्तर द्यायची, मग आम्ही दोघी उगीचच हसायचो. प्रयोगशाळेत मला कधी अवघडल्यासारखं व्हायचं नाही. कँटीनमध्ये व्हायचं. तिथे मी इंग्रजी बोलणाऱ्या मुलींच्या टेबलाच्या अगदी टोकाला बसायचे. टेबल तिथे संपायचं आणि मी सुरू व्हायचे. वैशाली दुसऱ्या टेबलावर बसायची.

बारावीच्या शेवटी स्लॅमबुकं फिरायची. रंगीत पानांची वही, त्यात छापील प्रश्न. आवडता रंग, आवडता हिरो, माझ्याबद्दल एका शब्दात सांग. वही सगळ्यांकडून फिरून मालकिणीकडे परत जायची. ‘एका शब्दात सांग’ पुढे मी तीन शब्द लिहिले, ‘क्यूटेस्ट व्हर्न एव्हर’. बाजूला एक चांदणी काढली. तारीख टाकली. नावाच्या जागी लिहिलं, ‘गेस हू’. ओळख पाहू. तेव्हा तशी फॅशन होती. पण मी फॅशन म्हणून लिहिलं असं आज म्हणता येणार नाही.

त्यानंतर आम्ही कधी बोललो नाही. भांडण नव्हतं. तिला इंजिनिअरिंगला दुसरीकडे प्रवेश मिळाला, मी भाषांकडे वळले. उत्तर जर्मनीतल्या मराठी लोकांच्या ग्रुपमध्ये एकदा तिचं नाव दिसलं. हॅम्बर्गला विमानांच्या कारखान्यात होती. मी तिचा फोटो मोठा करून बघितला आणि फोन ठेवून दिला.

वैशालीला लिहावं की लेबल गुपचूप बदलून टाकावं, याचा मी दोन आठवडे विचार केला. बदललं असतं तर कोणाला कळलं नसतं. पण मग ते लेबल मी पुराव्यावरून लावलेलं नसतं, लपण्यासाठी लावलेलं असतं. आमच्या धंद्यात ते चालत नाही.

त्याच दोन आठवड्यांत वर्तक काकांचा फोन आला. वर्तक काका फ्रँकफर्टचे, चाळीसेक वर्षं इथे राहिलेले, बँकेतून निवृत्त झालेले. आमच्या कोशात भारत आहे हे कळल्यापासून ते दर मंगळवारी अकरानंतर मला फोन करतात. त्यांना एखादा शब्द सुचवायचा असतो, किंवा आधी सुचवलेल्याचं काय झालं ते विचारायचं असतं.

“कुठवर आलीस बाळ?”

“व्हर्नाक्युलरवर, काका.”

“अरे वा. माझे आजोबा, अण्णा, व्हर्नाक्युलर फायनल होते, माहितीये? घराच्या पाटीवर नावापुढे कोरलेलं होतं. व्ह. फा. ती परीक्षा पास झाले म्हणून मास्तरकी मिळाली. रस्त्याने जाताना लोक पारावरून उठून उभे राहायचे त्यांच्यासाठी.”

मी थोडं घुटमळत त्यांना पुढचा अर्थ सांगितला. मग त्यांनी बायकोला हाक मारलेली ऐकू आली, “अगं, ऐकलंस का, हल्लीची मुलं अण्णांच्या पदवीची शिवी करतात.” आणि मला म्हणाले, “ते छापू नकोस.”

“लोक वापरतात काका. छापावं लागतं.”

“मग अण्णांचंही छाप. आणि वर छाप. आधी अण्णा, मग तुमचं कँटीन.”

क्रम तारखेनेच लागणार होता, त्यामुळे हे वचन देणं सोपं होतं. त्यांनी पाटीचा फोटो पाठवला. तिरप्या उन्हात काढलेला, बाजूला दोरीवर पंचा वाळत घातलेला. पुरावा म्हणून उत्तम. मला मात्र त्या दिवशी दुसरंच काही डाचत राहिलं. वर्तक काकांकडे पाटी होती, त्यांनी ती मिरवत पाठवली. माझ्याकडे पान होतं, आणि मी ते मागायलासुद्धा घाबरत होते.

शेवटी मी वैशालीला मेल लिहिली. इंग्रजीत. आमचा कोश अमुक शब्दाचे खासगी पुरावे शोधत आहे, आपल्याकडे त्या काळातल्या वह्या असल्यास आभारी राहू. खाली माझं नाव, पद, ऑफिसचा पत्ता. उत्तर मराठीत आलं, एका ओळीचं. ‘गुरुवारी लांडुंग्सब्र्यूकेनला ये, फिंकेनवेर्डरच्या दहाच्या बोटीवर, कामावर जाताना भेटू.’

मी पहाटेची गाडी पकडली, हानोफरला बदलली, आणि वेळेच्या कितीतरी आधी हॅम्बर्गच्या त्या बोटींच्या धक्क्यावर पोचले. वारा होता, बारीक भुरभुर होती. वैशाली आली ती पाठीवर सॅक, गळ्यात कारखान्याचं कार्ड. तिने मला लांबूनच ओळखलं.

“काय गं, मेल लिहितेस का नोटीस पाठवतेस? डिअर मिस ढमाले. मला आधी वाटलं टॅक्सचं काहीतरी निघालं.”

“ऑफिसची पद्धत आहे तशी.”

“हो, तू पद्धतशीरच होतीस पहिल्यापासून. चल आत, नाहीतर भिजशील. चहा घेतलास?”

आम्ही खिडकीजवळ बसलो. तिने सॅकमधून थर्मास काढला आणि झाकणात मला चहा दिला. विमानाच्या केबिनमध्ये आसनांखालून ज्या तारा जातात, त्यांची ड्रॉइंग ती तपासते. “दुसऱ्यांच्या आकृत्या दुरुस्त करायची सवय होती ना,” ती म्हणाली. मी हसले, पण पूर्ण नाही.

बोट सुटली तेव्हा तिने फोन काढला. “आईला कपाट उपसायला लावलं. सगळ्या वहीचे फोटो आलेत. तुला कुठलं पान पाहिजे?”

“ज्याच्यावर ‘व्हर्न’ आहे ते.”

“तशी चार आहेत.”

हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं मी एकटीच.

“तिघींनी खाली नाव लिहिलंय,” ती फोनकडे बघत म्हणाली. “एकीने नाही. बोल, कुठलं देऊ?”

त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हणाले, “सगळ्यांत आधीच्या तारखेचं. आम्ही नेहमी तेच घेतो.”

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. “गेनाऊ,” ती म्हणाली. “आधीच्या तारखेचं.” आणि तिने चांदणी काढलेलं पान माझ्यासमोर धरलं.

खासगी कागद वापरायचा तर आमच्याकडे मालकाची लेखी संमती लागते. त्याचा एक फॉर्म आहे आणि त्यावर फ्राउ हाइनेकेंनी स्वतः घातलेले दोन रकाने आहेत. पूर्वी कधीतरी दोन बहिणींच्या पत्रांमधल्या एका शब्दावरून त्यांची फजिती झाली होती. लिहिणारीने कौतुकाने लिहिलेल्या शब्दावरून दुसरीने तिच्याशी बोलणं टाकलं होतं, आणि कोशाने फक्त लिहिणारीला विचारून अर्थ छापला होता. तेव्हापासून वरच्या रकान्यात ‘लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं’ आणि खालच्यात ‘वाचणाऱ्याला काय कळलं’. जगातल्या दुसऱ्या कुठल्या कोशात असा फॉर्म आहे की नाही मला माहीत नाही. आम्हाला त्याचा अभिमान आहे.

मी फॉर्म तिच्यापुढे ठेवला आणि खालचा रकाना दाखवला.

“मराठीत लिहिलं तर चालेल का तुमच्या कोशाला?”

“चालेल. मी भाषांतर करीन.”

“बरोबर कर.”

ती मांडीवर सॅक घेऊन, त्यावर कागद ठेवून लिहू लागली. बोट डोलत होती तरी तिची रेघ सरळ येत होती. बाहेर क्रेनच्या खालून एक मोठं जहाज सरकत होतं आणि एक लहान मुलगा आपल्या आजीला त्यावरचे कंटेनर जर्मनमध्ये मोजून दाखवत होता. वैशालीने सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. रकान्यात लिहिलं होतं:

‘बाकी तिघींकडून हेच येणार हे मला माहीत होतं. हिच्याकडून माझं नाव येईल असं वाटलं होतं.’

मी ‘हिच्याकडून’वर थांबले. वर पाहिलं.

“दोन वर्षं तुझ्या जर्नलमध्ये आकृत्या काढल्यात मी,” ती म्हणाली. “तुझं अक्षर ओळखणार नाही का?”

“मग काही बोलली का नाहीस?”

“तूच लिहिलं होतंस ना, ओळख पाहू. मी ओळखलं. पुढची खेळी तुझी होती.” ती रागाने बोलत नव्हती. मला राग सोसायला सोपा गेला असता. “इतका उशीर करशील असं वाटलं नव्हतं, एवढंच.”

“मी वाईट अर्थाने नव्हतं...”

“ते मला नको सांगू,” तिने फॉर्मवर बोट ठेवलं. “वरचा रकाना रिकामा आहे. तिथे लिही.”

फिंकेनवेर्डर आलं. तिने थर्मास बंद केला, झाकण माझ्या हातातून काढून घेतलं आणि उतरली. धक्क्यावरून वळून म्हणाली, “आणि खाडाखोड करू नकोस. बाईंना आवडत नाही.” आमच्या फिजिक्सच्या बाई जर्नलमधल्या खाडाखोडीवर लाल गोल काढायच्या. म्हणजे मला हसायला लावून ती गेली.

मी उतरलेच नाही. त्याच बोटीने परत निघाले आणि तो अर्धा तास वरच्या रकान्यासमोर बसले. सलगीने, असं लिहायला हात उचलला की कँटीनचं टेबल दिसायचं. सलगी खरी होती. पण ती प्रयोगशाळेत होती आणि तिथे हा शब्द आमच्यात एकदाही आला नव्हता. मग तो वहीत का आला? वही कोणाच्या हातात जाणार होती? माझ्यानंतर ती टेबलावरच्या मुलींकडे जाणार होती. मला ते लिहिताना माहीत होतं. शेवटी मी लिहिलं:

‘हे वैशालीला उद्देशून नव्हतं. माझ्यानंतर वही वाचणाऱ्यांना सांगायचं होतं, की मी तुमच्यातली आहे.’

खाडाखोड झाली नाही.

दुसऱ्या दिवशी भाषांतर करून मी दोन्ही रकाने फ्राउ हाइनेकेंसमोर ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले. वरच्या रकान्यातलं अक्षर माझं आहे हे त्यांच्या लक्षात आलं असणारच, पण त्या बोलल्या फक्त शब्दाबद्दल.

“म्हणजे थट्टा दोघींमधली नव्हती. तिसऱ्या कोणासाठी होती.”

“हो.”

त्यांनी ‘सलगीने’ खोडलं. आता तिथे आहे: ‘अवमानकारक, वापरणाऱ्यांच्या मते थट्टेने’. मला हे लेबल आमच्या कोशातल्या सगळ्यांत नेमक्या लेबलांपैकी एक वाटतं. माझ्या दहा-बारा शब्दांचा मला खरोखर अभिमान आहे, त्यात हा आहे. असा अभिमान बाळगणं बरोबर आहे की नाही, ते मला ठरवता आलेलं नाही.

मी वैशालीला तसं कळवलं, या वेळी मराठीत. उत्तरादाखल तिने आणखी एक पुरावा पाठवला. हॅम्बर्गमध्ये तिचा एक ग्रुप आहे, सगळे मराठी शाळांतले, आता विमानं आणि बंदरं चालवणारे. ग्रुपचं नाव ‘एल्बेकाठचे व्हर्न’. दर शनिवारी ते मुलांना गोळा करून मराठी गाणी शिकवतात, मुलं जर्मनमध्ये तक्रार करतात, आणि शेवटी सगळे मिळून मिसळ खातात. फॉर्म तिने स्वतःच भरला होता, रकान्यांची नावं थोडी बदलून. ‘बोलणाऱ्याला काय म्हणायचं आहे’: आपण. ‘ऐकणाऱ्याला काय कळलं’: आपण. फ्राउ हाइनेके म्हणाल्या की इतकी वर्षं हा फॉर्म चालवतोय, दोन्ही रकाने सारखे असलेला हा पहिलाच. शब्दाला आणखी एक अर्थ मिळाला. सगळ्यांत वर अण्णा आहेत, पाटीसकट. वर्तक काका त्या मंगळवारी फोनवर नुसतं “छान, छान” म्हणत राहिले.

आता मीही कधीकधी शनिवारी जाते. ग्रुपमध्ये मात्र मला अजून घेतलेलं नाही. “तू कशी येशील? तू कॉन्व्हेंटची,” वैशाली सगळ्यांसमोर म्हणते, “आम्ही माध्यम बघून घेतो.” मग माझ्या ताटात जास्तीचा रस्सा वाढते.

एक गोष्ट राहिली. छापताना खासगी पुराव्याखाली लिहिणाऱ्याची आद्याक्षरं देतात, नाहीतर ‘अनामिक’ असं लिहितात. प्रुफं आली तेव्हा तिथे ‘अनामिक’ होतं. फ्राउ हाइनेकेंनी ती माझ्याकडे दिली आणि पेन्सिल तिथे नेऊन थांबल्या.

“तुम्ही ठरवा,” त्या म्हणाल्या. “नियमात दोन्ही बसतं.”

मी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो न ठेवणारी मुलगी आहे. मंडळात कोणी माइक पुढे केला की मला पाणी प्यायची आठवण होते. प्रुफं तीन दिवस माझ्या टेबलावर पडून होती. चौथ्या दिवशी मी ‘अनामिक’वर एक सरळ रेघ मारली, तीही पट्टी घेऊन, आणि वर माझी दोन अक्षरं लिहिली. मग कागद पाठवला आणि ‘डब्ल्यू’ उघडला.

कोशाचा ‘व्ही’चा खंड छापून आला तेव्हा वैशालीने तो आपल्या ऑफिसच्या पत्त्यावर मागवून घेतला. त्या दुपारी मला तिचा एक फोटो आला. कोशाचं पान, त्यावर तिचं बोट, बोटाखाली माझी आद्याक्षरं. सोबत एकच शब्द होता.

‘ओळखलं.’